भांगेची भिंत

पोलादपूर तालुक्यातील कुडपणसारख्या डोंगरगावाविषयी लिहिताना आमचे ललितलेखक धुके, पाऊस आणि धबधबा यांपलीकडे क्वचितच जातात. कारवीच्या काठ्यांचा कूड उभारून त्यावर शेणमातीचा लेप देण्याची सह्याद्रीतील विद्या त्यांच्या लेखी केवळ दारिद्र्याचे चित्र असते. वनस्पतीचे अंग आणि त्याला बांधणारा लेप हेच तत्त्व, भांगेच्या खोडाचा गाभा चुन्यात कालवून 'हेम्पक्रीट' या नावाने परतले, की मग त्याला 'शाश्वत' म्हणायला आम्ही मोकळे!

वस्तुतः हे ज्ञान परके नाहीच. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांग मिसळलेली असल्याचे राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिले. कीड दूर राहिल्याचे श्रेयही त्यांनी तिलाच दिले. वेरूळच्या शिल्पांवर पानेच्या पाने लिहिणाऱ्या आमच्या समीक्षेने त्या गिलाव्याची दखल कितीशी घेतली?

अडचण कायद्यापेक्षा शब्दाची अधिक आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे चौदावे कलम तंतू व बियांसाठी लागवडीला अनुमती देण्याची मुभा सरकारला देते; उत्तराखंडाने ती वापरलीही. आमच्या भाषेत मात्र भांग म्हणजे नशा, एवढाच अर्थ उरला आहे.

हेम्पक्रीट हा चमत्कार नव्हे. ते छपराचा भार पेलत नाही, त्याला सांगाडा लागतोच. पण कुडालाही मेढी लागतच होत्या. कुडपणच्या धुक्यावर पुढचा लेख लिहिण्यापूर्वी तेथील भिंती कशाच्या आहेत, एवढे तरी आम्ही विचारावे.