लाल स्प्रिंगचा फंडा

बॉस, खरं सांगते, मला स्प्रिंग्ज लालच हव्या होत्या. अलॉय व्हीलच्या फटीतून डोकावणाऱ्या, एकदम रेसिंग स्टाइल! गाडी बाबांची, बारा पावसाळे पाहिलेली. रिटायर झाल्यावर त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली आणि मला मेकओव्हरची खुमखुमी आली. गणपतीला आई-बाबांना पुण्याहून रत्नागिरीला न्यायचं होतं. म्हटलं, त्याआधी गाडी चकाचक!

गॅरेजवाल्या काकांनी स्प्रिंग्ज काढल्या. (हा उद्योग घरी करू नका हं. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हाड मोडू शकतं. त्याला कॉम्प्रेसर लागतो आणि सरावलेला हात.) मग पुढच्या डाव्या स्प्रिंगचं खालचं वेटोळं माझ्यासमोर धरलं. "ताई, रंग नंतर. आधी हे बघा."

रंगाचा पापुद्रा उडालेला आणि खाली गंजाने पडलेला खोल खड्डा! स्प्रिंग ज्या वाटीत बसते तिथे चिखल-पाणी साचतं, खडी उडून रंगाचे टवके जातात. मग रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यात सगळा ताण त्या गंजाच्या खाचेत एकवटतो. तिथूनच चीर सुरू होते. स्प्रिंग तुटली तर तिचं टोक टायरही फाडू शकतं. मला आंबा घाटातली वळणं आठवली. आणि मागच्या सीटवरची आई.

"वरून रंग मारून चालेल?" मी बावळटासारखं विचारलं.

"रंगाने गंज झाकतो, खड्डा भरत नाही."

पुढची जोडी नवी घेतली. स्प्रिंग बदलायची तर दोन्ही बाजूंची. तिच्यावर कंपनीचा काळा थर होताच, त्याला हात लावला नाही. मागच्या जोडीवर मात्र नुसता वरवरचा गंज होता. आता फिनिश कोणतं?

क्रोम? विसरा! अॅसिडमध्ये बुडवताना आणि मुलामा चढवताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि कडक पोलाद ठिसूळ होऊ शकतं. चकाकीसाठी स्प्रिंग धोक्यात कशाला?

पावडर कोटिंग? छान. साधारण 180 ते 200 अंश सेल्सियसच्या भट्टीत ते पक्कं होतं. पण स्प्रिंग सतत हलणार, म्हणून पावडर लवचिक हवी आणि खाली गंजरोधक प्रायमर हवा. जाड, कडक थर तडकला तर पाणी आत शिरतं आणि गंज गुपचूप वाढतो.

मी बजेटवाली! वायर ब्रशने गंज काढला, तेलकटपणा पुसला, एपॉक्सी प्रायमर मारला आणि वर रंगाचे पातळ थर दिले, प्रत्येक थर नीट वाळवून. ग्राइंडरला मात्र काकांची सक्त मनाई. कारखान्यात बारीक छर्‍यांचा मारा करून स्प्रिंगचा पृष्ठभाग मजबूत केलेला असतो, तो घासून कशाला घालवायचा?

आणि रंग? लाल नाहीच. लालावर तांबूस गंज पटकन दिसत नाही ना! फिकट करडा घेतला. त्यावर गंजाची बारीक रेघसुद्धा चुगली करते. म्हणजे दर सर्व्हिसिंगला टॉर्च मारायचा, बस्स.

रत्नागिरीला पोचलो. माझ्या स्प्रिंग्जकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. आई तर अख्खा घाट मस्त झोपली होती. याहून भारी कॉम्प्लिमेंट कुठली, यार?