पत्रावळीची लाज कां वाटावी?



गतवर्षीं स्नेहसंमेलनाच्या दिवशीं सहभोजन झालें, तें आपणां सर्वांस स्मरत असेलच. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी क्रीडांगणाच्या मागील बाजूस गेलों, तों तेथें उष्ट्या ताटल्यांचा मोठा ढीग पडलेला दिसला. त्या ताटल्या दिसावयास कागदी होत्या. परंतु एक फाडून पाहिली, तेव्हां कागदावर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटविलेला आढळला. गुरें त्या ढिगांत तोंड घालीत होतीं. अर्ध्या घटकेच्या जेवणासाठीं आपण किती दीर्घायुषी केर निर्माण केला, हा विचार तेव्हांपासून माझ्या मनांतून जात नाहीं.

'पळसाला पानें तीनच' ही म्हण आपण सहज उच्चारतों. परंतु त्या तीन पानांचा आपल्या वाडवडिलांनीं केवढा उपयोग करून घेतला, इकडे आपलें लक्ष जात नाहीं. पळसाचें पान रुंद व चिवट असतें. पानें काड्यांनीं टाचलीं कीं पत्रावळ झाली. वळवून टाचलीं कीं द्रोण झाला. बेतानें पानें तोडलीं तर झाड उभेंच राहतें, व उन्हाळ्यांत त्यास पुन्हां पालवी फुटते. भोजनानंतर पत्रावळ उकिरड्यावर टाकावी, तर तिचें खत होतें. वस्तु कोठून येते, काय काम करते व शेवटीं कोठें जाते, या तिन्ही गोष्टींचा विचार त्या साध्या रचनेंत आहे.

परंतु जें जें वनस्पतीपासून झालें तें तें निर्दोष, असें मात्र कोणीं समजूं नये. अमेरिकेंतील जॉन हायट यानें हस्तिदंताऐवजीं वापरतां यावें म्हणून १८६९ च्या सुमारास सेल्युलॉइड तयार केलें. कापसांतील तंतुद्रव्य, नत्राम्ल व कापूर हें त्याचें साहित्य होतें. मूळ वनस्पतीचें खरें. पण तो पदार्थ अत्यंत ज्वालाग्राही ठरला. आजहि मक्याच्या पिष्टापासून किंवा उसाच्या साखरेपासून एक प्रकारचें प्लास्टिक करतात, व त्याच्या पेल्यांवर 'कुजणारें' अशी अक्षरें छापतात. तें कुजतें, हें असत्य नव्हे. परंतु त्यास सुमारें ६० अंश सेल्सिअस उष्णता पुष्कळ दिवस सतत मिळावी लागते. ती मोठ्या खत-कारखान्यांत मिळते. आपल्या ओढ्यांत मिळत नाहीं. म्हणून वस्तूचें केवळ कुळ पाहूं नये, तिचा अंतहि पाहावा.

कोणी म्हणेल, पत्रावळींतून वरण गळतें, आणि ती महागहि पडते. पहिला आक्षेप खरा आहे, पण त्यास उपाय आहे. पानांचे दोन थर तापलेल्या सांच्यांत दाबले असतां चांगली खोलगट ताटली तयार होते. अशीं यंत्रें आज उपलब्ध आहेत. त्यांत आणखी सुधारणा करणें हें विज्ञान व चित्रकला शिकणाऱ्या मुलांस शोभेसें काम आहे. दुसऱ्या आक्षेपास माझें उत्तर असें कीं, प्लास्टिकची ताटली स्वस्त दिसते, कारण ओढा उपसण्याचा खर्च तिच्या किंमतींत धरलेला नसतो. महाराष्ट्र सरकारनें २०१८ मध्यें, व केंद्र सरकारनें १ जुलै २०२२ पासून, एकदांच वापरून फेकावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. परंतु कायदा दुकानाच्या दारापर्यंत येतो. पंक्तींत काय वाढावें व कशावर वाढावें, हें आपल्या मनानेंच ठरवावें लागतें.

आतां एक गोष्ट कबूल करतों. त्या संमेलनापूर्वीं एका विद्यार्थिनीच्या आईनें पत्रावळी लावून देण्याची तयारी दर्शविली होती. 'पाहुण्यांसमोर तें शोभणार नाहीं,' असें म्हणून आम्हीं तें नाकारलें. नाकारणारांत मीहि होतों. ती मुलगी दाराशींच उभी होती. तिनें मान खालीं घातली, आणि भोजनाच्या दिवशीं ती शाळेंत आली नाहीं. आईच्या हातच्या कसबाची लाज वाटावी, हा धडा आम्हीं तिला दिला. आणि तो कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत नव्हता. ओढ्याचें नुकसान भरून काढतां येईल; हें नुकसान भरून काढणें अधिक कठीण आहे.

प्रभु येशूनें पांच हजारांस गवतावर बसवून जेवूं घातलें, त्या प्रसंगीं चांदीचीं ताटें नव्हतीं. परंतु उरलेले तुकडे वायां जाऊं नयेत म्हणून ते वेंचावयास त्यानें शिष्यांस सांगितलें, व बारा टोपल्या भरल्या. पंक्तीची शोभा ताटांत नसून जेवणारांच्या वागणुकींत असते, हें यावरून ध्यानांत यावें.

म्हणून माझी पालकांस व विद्यार्थ्यांस विनंति आहे कीं, यंदाचें सहभोजन पत्रावळीवर व्हावें. पत्रावळी आपल्याच पालकांकडून योग्य दाम देऊन घ्याव्या. घासाघीस करूं नये. विज्ञानाच्या वर्गानें एक पत्रावळ व एक चकचकीत ताटली शाळेच्या बागेंत शेजारी शेजारी पुरावी, दर महिन्यास उकरून पाहावें, व जें दिसेल तें पुढील अंकांत लिहावें. आणि त्या माउलीकडे पत्रावळी मागावयास, व प्रथम क्षमा मागावयास, मी स्वतः जाणार आहें.