मुलाला शाळेतून काढून ऑनलाइन शाळेत घालताय? आधी विचारा, दहावीचं प्रमाणपत्र कोण देणार?

नववीतल्या मुलाने एक दिवस सांगितलं की मी उद्यापासून शाळेत जाणार नाही, तर घरात पहिले काही दिवस समजावण्यात आणि ओरडण्यात जातात. मग कारणं कळू लागतात. कुणाला वर्गात सतत चिडवलं जातंय, कुणाला आजारपणामुळे महिनोन्‌महिने बसणं जमत नाही, कुणी दिवसाचे पाच-सहा तास मैदानावर असतं. काहींना अक्षरं आणि आकडे वाचतानाच त्रास होतोय आणि सातवीपर्यंत ते कुणाच्या लक्षातच आलेलं नसतं. मग आई किंवा बाबा रात्री फोनवर ‘ऑनलाइन स्कूल’ शोधतात, आणि त्यानंतर महिनाभर त्यांच्या फीडमध्ये दुसरं काही दिसत नाही.

या लेखासाठी मी अशा काही वेबसाइट चाळल्या. हसरी मुलं, लॅपटॉप, ‘फ्लेक्झिबल’, ‘पर्सनलाइज्ड’ हे सगळं पहिल्याच पानावर असतं. दहावीची परीक्षा नेमकी कोण घेणार, हे शोधायला मात्र बरंच खाली जावं लागतं. खरं तर पालकांनी पहिला प्रश्न तोच विचारायला हवा.

‘ऑनलाइन शाळा’ ही कायद्याने शाळा आहे का?

बहुतेक वेळा, नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळेला मान्यता लागते आणि मान्यतेसाठी इमारत, शिक्षक, मैदान असे निकष आहेत. सीबीएसईची संलग्नता घ्यायची तरी जागा आणि इमारत दाखवावी लागते. त्यामुळे फक्त स्क्रीनवर चालणारी खासगी संस्था स्वतःला काहीही म्हणवत असली, तरी व्यवहारात ती शिकवणी असते. ती शिकवते, आणि परीक्षेसाठी मुलाची नोंदणी दुसऱ्याच कुठल्यातरी मंडळाकडे होते.

यात लगेच फसवणूक शोधायचं कारण नाही. शिकवणी चांगली असू शकते. पण शिकवणारा एक आणि प्रमाणपत्र देणारा दुसरा, हे डोक्यात पक्कं असलं की निवड सोपी होते.

सरकारी पातळीवरही याचा गोंधळ झालेला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी देशातली पहिली व्हर्च्युअल शाळा म्हणून एका शाळेचं उद्घाटन केलं. त्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हिने लगेच स्पष्टीकरण दिलं की आमची व्हर्च्युअल शाळा २०२१ पासूनच सुरू आहे. पहिली कोण, हा वाद बाजूला ठेवू. आपल्या कामाचा मुद्दा हा की दोन्हीकडे मुलं वर्ग ऑनलाइन करणार होती, पण त्यामागे परीक्षा घेणारं एक मंडळ होतं.

मग परीक्षा कुणाची?

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी मुख्य रस्ते तीन-चारच आहेत.

सगळ्यात जास्त वापरला जाणारा रस्ता एनआयओएसचा. १९८९ मध्ये स्थापन झालेली ही केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाखालची संस्था आहे आणि तिची दहावी-बारावी इतर मंडळांच्या बरोबरीची मानली जाते. दहावीसाठी वयाची चौदा वर्षं पूर्ण हवीत. किमान पाच विषय घ्यायचे, त्यात एक तरी भाषा. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोनदा होतात. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे एका वेळी दोन विषय देऊन बाकीचे नंतर दिले तरी चालतं. आजारी मुलासाठी किंवा खेळाडूसाठी ही सवलत फार मोलाची आहे. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते, हे अनेकांना माहीत नसतं. आणि फी? नोंदणी आणि परीक्षा मिळून काही हजार रुपयांत भागतं. म्हणजे एखादी ऑनलाइन शाळा वर्षाला लाखभर मागत असेल, तर तो पैसा जवळपास सगळा शिकवण्याचा आहे. तेवढं शिकवणं मिळतंय का, हे त्याच हिशेबाने बघा.

दुसरा रस्ता आपल्या ओळखीचा आहे: १७ नंबरचा फॉर्म. राज्य मंडळाची दहावी-बारावी खासगी विद्यार्थी म्हणून देण्याची ही जुनी सोय. अभ्यासक्रम तोच, पुस्तकं बालभारतीची, जवळची एखादी शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते. एखाद्या मुलाला शाळेची इमारत सोसवत नसेल पण अभ्यास जमत असेल, तर घरी बसून, गावातल्याच क्लासची मदत घेऊन हा मार्ग स्वस्तात होतो. ‘१७ नंबर म्हणजे नापासांचा’ हा शिक्का अजून पुसलेला नाही. प्रमाणपत्र मात्र राज्य मंडळाचंच मिळतं. राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे, तोही पर्याय विचारून ठेवा.

महागड्या ऑनलाइन शाळा बऱ्याचदा केंब्रिजचा आयजीसीएसई अभ्यासक्रम शिकवतात. इथे मूल एखाद्या केंद्रावर खासगी परीक्षार्थी म्हणून बसतं. ते केंद्र नेमकं कोणतं, सायन्सच्या प्रॅक्टिकलचं काय, परीक्षेची फी वेगळी आहे का, हे लेखी घ्या. पुढे भारतात प्रवेश घेताना असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजची समकक्षता लागते आणि त्यासाठी विषयांची संख्या आणि ग्रेड यांच्या अटी आहेत.

चौथा रस्ता कुणी जाहिरातीत लिहीत नाही, फोनवर सांगतात: ‘नाव एका सीबीएसई शाळेत ठेवू, यायची गरज नाही.’ यालाच डमी शाळा म्हणतात. सीबीएसईला ७५ टक्के हजेरी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडळाने दिल्ली आणि राजस्थानातल्या २७ शाळांची अचानक तपासणी केली आणि नोव्हेंबरमध्ये त्यातल्या २१ शाळांची संलग्नता काढून घेतली. शाळेवर कारवाई झाली की मधल्यामध्ये लटकतो तो विद्यार्थी. या रस्त्याला जाऊ नका, एवढंच मी म्हणेन.

या चारांपैकी एकही नसलेलं, भारदस्त इंग्रजी नावाचं ‘बोर्ड’ कुणी सांगितलं, तर देशातल्या शालेय मंडळांच्या परिषदेच्या, म्हणजे कोबसेच्या, यादीत ते आहे का ते आधी बघा.

अभ्यास केंद्र कोणत्या राज्यातलं?

हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि त्याची किंमत बारावीनंतर कळते.

महाराष्ट्रात मेडिकलला राज्याच्या कोट्यातून प्रवेश घ्यायचा, तर सर्वसाधारण नियम असा की दहावी आणि बारावी महाराष्ट्रातल्या संस्थेतून झालेली हवी, शिवाय रहिवासाचा पुरावा. काही अपवाद आहेत, पण ते केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसारख्या ठरावीक गटांसाठी. आता एनआयओएस ही देशपातळीवरची संस्था आहे. एखाद्या ऑनलाइन शाळेचं ऑफिस दुसऱ्या राज्यात असेल आणि तिने सोयीसाठी तुमच्या मुलाची नोंदणी तिथल्याच अभ्यास केंद्रावर केली, तर तुम्ही पुण्यात राहता, मूल पुण्यात वाढलं, तरी कागदावर दहावी परराज्यातली दिसू शकते. नोंदणी शक्यतो पालकांनी स्वतः करावी आणि केंद्र महाराष्ट्रातलंच निवडावं. शाळेने केलीच, तर लॉगिन आणि पासवर्ड आपल्याकडे ठेवावा.

विषयांचंही तसंच. एनआयओएसमध्ये विषय सुटे निवडता येतात, म्हणून सोपे पाच घेण्याचा मोह होतो. ज्याला पुढे सायन्सला जायचं असेल त्याने दहावीत गणित आणि विज्ञान सोडू नये. नीटसाठी मुक्त विद्यालयाच्या मुलांवर पूर्वी बंदी होती. ती तरतूद दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द ठरवली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही त्यांची पात्रता मान्य झाली. जेईईलाही एनआयओएसची बारावी चालते, पण किमान पाच विषयांसह. दहावी आणि पूर्ण बारावी यांच्यात दोन वर्षांचं अंतर लागतं, म्हणजे ‘एका वर्षात बारावी’ असं सांगणाऱ्यापासून लांब राहा.

आणि परत शाळेत जावंसं वाटलं तर?

वाटू शकतं. चौदाव्या वर्षी घेतलेला निर्णय सोळाव्या वर्षी बदलतो, यात वावगं काही नाही. दहावी पास झाल्यावर अकरावीला कुठल्याही कनिष्ठ महाविद्यालयात परतता येतं. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, त्यात इतर मंडळांची मुलंही अर्ज करतात. अडचण एवढीच की एनआयओएसचा उन्हाळी निकाल राज्य मंडळाच्या निकालानंतर लागतो आणि पहिली फेरी हातची जाऊ शकते. म्हणून मुलाची तयारी असेल, तर आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची परीक्षा गाठलेली बरी. नववी-दहावीच्या मधोमध मात्र परतणं कठीण आहे. नववी पास झाल्याची नोंद हातात नसेल तर शाळा थेट दहावीत घ्यायला तयार होत नाही. त्यामुळे जमत असेल तर नववीची परीक्षा देऊनच बाहेर पडा.

शाळा सोडायलाच हवी का, हेही एकदा तपासा. अध्ययन अक्षमता असेल तर राज्य मंडळ जादा वेळ, लेखनिक, गणितात सवलती देतं, मात्र त्यासाठी अधिकृत केंद्राचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत सायन आणि नायर रुग्णालयांत ही तपासणी होते. तिथे रांग मोठी असते, तेव्हा दहावीचं वर्ष उजाडायची वाट बघू नका. त्रास एका शिक्षकाचा किंवा एका टोळक्याचा असेल, तर कधी कधी शाळा बदलणं पुरतं.

शिकवण्याकडे कसं बघायचं?

वर्ग लाइव्ह आहेत की रेकॉर्ड केलेले? एका वर्गात किती मुलं? मूल सलग तीन दिवस आलं नाही तर फोन कोण करतं? मला हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शाळा नकोशी झालेलं मूल ऑनलाइन वर्गातूनही हळूहळू गायब होतं. कॅमेरा बंद, माइक बंद, हजेरी मात्र चालू. लॉकडाऊनमध्ये हे घराघरांत आपण बघितलंय. संस्थेला याचं ठोस उत्तर देता आलं नाही, तर बाकी डॅशबोर्ड कितीही सुंदर असो. एक आठवडा प्रत्यक्ष वर्गात बसू द्या असं म्हणा, आणि त्या आठवड्यानंतर मुलालाच विचारा. शेवटी बसायचं त्यालाच आहे.

पैसे महिन्याचे किंवा तिमाहीचे भरा. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने एडटेक कंपन्यांबद्दल पालकांसाठी सूचना काढली होती. त्यात खात्यातून आपोआप पैसे कापले जाण्याबद्दल आणि नकळत गळ्यात पडणाऱ्या कर्जाबद्दल सावध केलं होतं. त्यानंतर जुलै २०२४ मध्ये बायजूजसारख्या कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. वर्षाची फी कर्ज काढून एकदम भरली आणि कंपनी बुडाली, तरी हप्ते पालकांच्याच मागे लागतात.

एक शेवटची, कंटाळवाणी पण गरजेची गोष्ट. नवी नोंदणी पक्की होऊन क्रमांक हातात येईपर्यंत जुन्या शाळेतून नाव काढू नका. कागदपत्रांच्या यादीत मूळ दाखला मागितला असेल तरच तो काढा, आणि काढलात की तिथेच उभं राहून वाचा. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, शेवटची पास झालेली इयत्ता. आधार कार्डावर आणि दाखल्यावर स्पेलिंग वेगळं असेल तर शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या. एकदा नाव कमी झालं की त्याच दुरुस्तीसाठी शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात खेपा घालाव्या लागतात.