होडीला दुसरं छोटं मशीन : खर्च की गरज?

आज आंब्याचं काही नाही. मोहोर बरा आहे, तुडतुडे थोडे दिसतायत, दुसऱ्या फवारणीचं नंतर लिहीन. आज होडीबद्दल लिहितोय. पानावरच्या जुन्या मंडळींना माहीत आहे की आमचं घर अर्धं बागेवर आणि अर्धं होडीवर चालतं. देवगड तालुक्यात खाडीकाठाला अशी घरं पुष्कळ आहेत.

आमची होडी 28 फुटी, फायबरची. आत दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. मागच्या बाजूला कडेला मी 8 हॉर्सपॉवरचं जुनं पेट्रोल आउटबोर्ड मशीन टांगलंय. 42 हजाराला घेतलं, लोखंडी ब्रॅकेट आणि बोल्ट वेगळे. घेतलं तेव्हा मोठे भाऊ म्हणाले, "तुका पैशे जास्त झाले काय रे? त्यात नवी जाळी इली असती." खरंच आली असती. तरीपण माझं मत आहे की समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक एका इंजिनाच्या होडीला हे दुसरं मशीन पाहिजे, आणि जाळ्याच्या आधी पाहिजे.

कारण सांगतो. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत पहाटे मी आणि पुतण्या बांगड्याच्या जाळ्याला गेलो होतो. 10 वाव पाण्यात इंजिन बंद पडलं. डिझेलमध्ये पाणी. फिल्टर सोडला, पाणी काढलं, हवा काढली, चालू झालं, पाच मिनिटांनी परत बंद. पाणी टाकीतच होतं, मग वारंवार तेच होणार. डिझेल पंप वापरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पण शेतात पंप बंद पडला तर आपण बांधावर बसतो. तिकडे मतलई वारा चालू होता. शाळेत भूगोलात शिकलो होतो, रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो मतलई. थंडीत तो सकाळी बराच वेळ टिकतो. म्हणजे इंजिन बंद पडलं की होडी आपोआप बाहेरच जाते. नांगर टाकला, तर दोरी 15 वाव. 10 वाव पाण्याला निदान 30 वाव दोरी हवी, नाहीतर नांगर धरत नाही, नुसता ओढत जातो. तसाच तो गेला. वल्ही होती, पण 28 फुटी होडी दोन माणसांनी वाऱ्यावर वल्हवून दाखवावी. मोबाईलला रेंज येत-जात होती. तटरक्षक दलाचा 1554 नंबर मला पाठ आहे, पण रेंज नसली तर नंबर काय करणार? पुतण्या 22 वर्षांचा. तो एकदाच म्हणाला, "काका, आता काय करूचा?" मग गप्प बसला. तीन तासांनी एका ट्रॉलरने ओढून आणलं. घरी वहिनींना अर्धंच सांगितलं.

त्यावर बंदरात बरेच जण म्हणाले की मोठं इंजिन घाल, नवीन घाल. मला हे पटत नाही. डिझेलमध्ये पाणी असेल तर नवं इंजिनपण बंद पडतं. पंख्यात जाळं किंवा दोरी अडकली तर 20 हॉर्सपॉवर काय आणि 60 काय, सारखंच. दुसरं मशीन कामाला येतं कारण त्याचं सगळं वेगळं असतं. वेगळं इंधन, वेगळी टाकी, वेगळा पंखा, हाताने दोरी ओढून चालू होणारं, बॅटरीची गरज नाही. यातली एक गोष्ट जरी सामायिक केली तरी फायदा गेला.

मशीन निवडताना आमची एक चूक होता होता राहिली. विकणाऱ्याकडे 15 इंची शाफ्टचं स्वस्तात होतं. आमच्या होडीला ते आखूड पडलं असतं. लाटेवर मागची बाजू उचलली की पंखा हवेत फिरणार, इंजिन ओरडणार, होडी जागच्या जागी. 20 इंचीच घ्या, आणि ब्रॅकेट लावायच्या आधी होडी पाण्यात भारासकट किती बसते ते मोजा. दुसरं म्हणजे पंख्याचा पिच. पिच म्हणजे ट्रॅक्टरचा गिअर समजा. जास्त पिच हलक्या वेगवान बोटीला. आपल्याला जड होडी हळू ढकलायची आहे, म्हणजे कमी पिचचा पंखा, जसा नांगरटीला खालचा गिअर.

आणि अपेक्षा कमी ठेवा. आम्ही जाळं भरून चाचणी घेतली. संथ खाडीत 7 किलोमीटरच्या वेगाने गेली, मोठ्या इंजिनाचा बंद पंखा मागे ओढतो तो वेगळाच. खाडीच्या मुखात ओहोटीच्या ओढीला 3 वर आली. म्हणजे उधाणाच्या ओहोटीत या मशीनवर मुखात घुसायचं नाही, बाहेर थांबून भरती धरायची. पण थांबता येतं, हेच मोठं.

आता माझीच फजिती. मशीन टांगलं आणि चार महिने हात लावला नाही. मग एकदा पंख्यात जाळं अडकलं, खडक फार लांब नव्हते, आणि दोरी ओढून खांदा गेला तरी मशीन चालू होईना. पावसाळ्यानंतर ग्रासकटर काढल्यावर होतं तेच, कार्ब्युरेटर चिकटलेला. त्या दिवशी नांगराची दोरी लांब होती म्हणून वाचलो. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं, समुद्रावर तर जास्तच. (ऊसवाल्या मित्रांनी रागावू नये.) म्हणून आता दर शनिवारी खाडीत शिरताना मोठं इंजिन बंद करून छोट्यावरच येतो. घरी आणून ड्रममध्ये गोड्या पाण्यावर चालवतो, मागून पाण्याची बारीक धार पडते का बघतो. धार नसली तर आतला रबरी इंपेलर गेला समजायचं. शेवटी पेट्रोलचा कॉक बंद करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा. माझं टू-स्ट्रोक आहे, लिटरला 20 मिली ऑइल घालतो. तुमच्या मशीनचं पुस्तक बघा. पेट्रोलचा कॅन आतल्या कप्प्यात ठेवू नका. वाफ जड असते, तळाला साचते, आणि तिथेच आपण बिडी पेटवतो.

लायसन्सवर इंजिनाची नोंद असते, तेव्हा दुसरं मशीन लावलं की खात्यात दाखवून घ्या. आणि ज्यांची नुसती वल्ह्याची होडी आहे त्यांनी विचार करूनच मशीन लावावं. 1 जून ते 31 जुलैची बंदी यांत्रिक नौकांना आहे. मशीन लागलं की पावसाळ्यातली सूट गेली.

कृषी सहाय्यक आणि विद्यापीठातली मंडळी हे पान वाचतात म्हणून त्यांच्यासाठी एक. 2025 साली राज्य सरकारने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. चांगलं झालं. पण फवारणी पंपाचं प्रात्यक्षिक बागेत होतं, नोझल कसं साफ करायचं ते हातात देऊन शिकवतात. बंदरावर इंजिनाचं असं प्रात्यक्षिक मी माझ्या वयात बघितलेलं नाही. दर्जा दिला तर तेही द्या. डिझेलमधलं पाणी कसं ओळखायचं, इंपेलर कसा बदलायचा, एवढं एका सकाळीत होतं. बागेत मोहोर गेला तर पुढच्या वर्षी परत येतो.

भावांचं म्हणाल तर गेल्या शनिवारी तेच मशीन धरून बसले होते, मला हात लावू देईनात. या रविवारी सकाळी 8 ला आमच्या अंगणात ड्रममध्ये मशीन चालवणार आहे. बघायचं असेल त्यांनी यावं, चहा आहे. दहानंतर मी बागेत फवारणीला असेन.