टेलला पाणी हवे, तसा टेलला उपचारही हवा



डाळिंबाचे एक झाड पिवळे पडले, तर आपण मुळी उकरून बघतो. घरातला कर्ता माणूस महिना-महिना झोपत नाही, जेवत नाही, बागेकडे फिरकत नाही, तेव्हा मात्र "टेन्शन घेतोय, होईल बरा" म्हणून सोडून देतो.

हा माणूस दवाखान्यात जात नाही असे नाही. जातो. डोके दुखते, छातीत धडधडते, अंगात त्राण नाही, असे सांगतो. सलाईन लागते, ताकदीचे इंजेक्शन मिळते. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग रक्त-लघवी तपासणी, मग देवऋषी. पैसा जातो, कर्जात भर पडते आणि आजाराचे नाव कोणीच घेत नाही. त्याचे नाव नैराश्य. ते बायकांत पुरुषांपेक्षा जास्त आढळते. पण "बाईचे दुखणे कायमचेच" म्हणून त्याची कोणी दखलही घेत नाही.

चळवळीतले काही मित्र म्हणतील, आमचा प्रश्न भावाचा, पाण्याचा, कर्जाचा. गोळ्या कसल्या देता? त्यांची शंका रास्त आहे. सरकारने शेतकऱ्याला मनाचा रोगी ठरवून हात झटकायचा प्रयत्न केला, तर आपण तो हाणून पाडू. पण कर्जाने आजार येतो म्हणून आजार खोटा ठरत नाही. घाण पाण्याने कावीळ होते, म्हणून नळ दुरुस्त होईपर्यंत रोग्याला कोणी तसाच ठेवत नाही. अंथरुणाला खिळलेला माणूस मोर्चाला येत नाही आणि बँकेत जाऊन भांडतही नाही.

यावर उपचार आहे आणि तो गावपातळीवर होतो, हे सिद्ध झाले आहे. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक, साध्या माणसांना समुपदेशनाचे शिक्षण दिले. डॉक्टर गोळी देणार, समुपदेशक बोलणार, मानसोपचारतज्ज्ञ मागून देखरेख करणार, अशी पद्धत ठेवली. २०१० साली निकाल छापून आला. सरकारी केंद्रांत ६ महिन्यांनी या पद्धतीने १०० पैकी सुमारे ६६ रुग्ण बरे झाले. नेहमीच्या पद्धतीने सुमारे ४२. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचे काम झाले. तिथे नैराश्याच्या १०० रुग्णांपैकी उपचाराला जाणारे आधी जेमतेम ४ होते. दीड वर्षात ते २७ झाले. गावात ओळखीचे माणूस दारी येऊन विचारू लागले.

विचारायचे तरी काय? गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस कशातच रस वाटेनासा झालाय का? मन उदास, आशा संपल्यासारखे वाटते का? एकालाही "हो" आले, तर पुढची तपासणी करावी. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटले की लगेच ती सोडायची नसते, डॉक्टर सांगतील तितके महिने घ्यायची असते. ही झोपेची गोळी नव्हे, तिचे व्यसन लागत नाही. हे कोणी समजावून सांगत नाही, म्हणून रुग्ण आठव्या दिवशी गोळी टाकून देतो.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १८ सांगते की ही सेवा प्राथमिक पातळीपासून सर्व सरकारी आरोग्यसेवेत मिळाली पाहिजे. कलम ३१ सांगते की सरकारी दवाखान्यातल्या प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याला मूलभूत मानसोपचाराचे शिक्षण दिले पाहिजे. आता कागदावरचा हक्क टेलपर्यंत आणायचा आहे. २०१५ साली सरकारने 'प्रेरणा प्रकल्प' काढला, तो विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी. सांगली त्यात नव्हती. दुष्काळ मात्र माणदेशालाही होताच.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे या मागण्या ठेवाव्यात:

१. तालुक्यातल्या कोणत्या वैद्यकीय अधिकाऱ्याला हे शिक्षण कधी दिले, त्याची यादी केंद्राच्या फलकावर लावा.

२. बीपी-साखरेच्या गोळ्यांसारखी नैराश्याची औषधेही केंद्रातच, दरमहा, मोफत द्या.

३. आशाताईंना शिक्षण द्या आणि या कामाचा वेगळा मोबदला द्या. फुकटचे ओझे नको.

४. जिल्ह्याचे मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून ठरल्या दिवशी आटपाडीच्या ग्रामीण रुग्णालयात बसावेत. दिघंची-खरसुंडीच्या रुग्णाने एक दिवसाची मजुरी बुडवून मिरज का गाठायची?

५. कर्त्या माणसाने आत्महत्या केलेल्या घरात आशाताईने वर्षभर जावे. मागे राहिलेली बाईच कर्ज, शेत आणि पोरे ओढते.

ग्रामसभेत ठराव करा आणि त्याची प्रत बैठकीला आणा. तोवर कोणाचा जीव घाबरा होत असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर १४४१६ हा सरकारचा मोफत फोन रात्रंदिवस चालू असतो. लावा, आणि त्या माणसाला एकटे सोडू नका.

१९९३ साली आटपाडीत पाणी परिषद भरली, तेव्हा आपण भीक मागितली नव्हती, वाटा मागितला होता. हाही वाटाच आहे.