पडण्याचं सोंग करा, कुणाला पाडू नका!

डिसेंबर आला की ऑफिसांमध्ये वार्षिक गॅदरिंगची धामधूम सुरू होते. ‘काहीतरी धमाल आयटम बसवू या’ म्हणून एक कमिटी बसते. आणि जानेवारीत त्या धमालीचे पेशंट माझ्याकडे येतात. मुरगळलेले घोटे, सुजलेली मनगटं, आखडलेल्या कमरा. दरवर्षी गंमत वेगळी असते, पण वाक्य एकच: “डॉक्टर, नुसती मजा चालली होती हो!”

या ‘नुसत्या मजे’बद्दलच आज थोडं कडक बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई माझ्याकडे आल्या. ऑफिसच्या पार्टीत संगीत खुर्ची चालू होती. त्या बसायला गेल्या आणि मागून एका तरुण सहकाऱ्याने खुर्ची ओढली. त्या धपकन खाली बसल्या. “सगळे हसले. मीपण हसले, डॉक्टर. रडले असते तर बरं दिसलं नसतं.” दोन दिवस त्यांनी बाम चोळून काढले. एक्स-रे काढला तेव्हा कमरेच्या वरचा एक मणका समोरून चेपलेला दिसला. मासिक पाळी थांबल्यानंतर त्यांची हाडं ठिसूळ झाली होती, हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं, त्यांनाही नाही. पुढचे तीन महिने पट्टा, गोळ्या आणि सक्तीची विश्रांती. खुर्ची ओढणारा मुलगा भेटायला आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मुलगा वाईट नव्हता. त्याने निवडलेली गंमत वाईट होती.

न कळत पडलं तर जास्त का लागतं?

पडतोय हे कळलं की शरीर आपोआप बचाव करतं. हात पुढे येतात, गुडघे वाकतात, मान आत घेतली जाते. पण खुर्ची आहे या भरवशावर आपण बसतो, तेव्हा सगळं वजन मागे सोडून दिलेलं असतं. खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण ४५ सेंटिमीटर उंच असते. तेवढं अंतर पडायला सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा लागतो. तेवढ्यात सावरणार काय? दणका थेट माकडहाडावर आणि मणक्यावर बसतो. मागे टेबलाची कड असेल तर डोक्यावर. माकडहाडाचं दुखणं कधी कधी महिनोन् महिने बसू देत नाही. आणि ती व्यक्ती रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर डोक्याला लागलेला साधा मारसुद्धा मेंदूत रक्तस्राव करू शकतो. तुमच्या शेजारच्या टेबलावरचे काका कोणत्या गोळ्या घेतात, हे तुम्हाला माहीत असतं का?

‘कोण जास्त गुलाबजाम खातो?’

हा दुसरा लाडका आयटम. कधी केळी, कधी लाडू, कधी हात मागे बांधून. आपण घास गिळतो तेव्हा श्वासनलिकेचं तोंड क्षणभर बंद होतं. हसताना मात्र श्वास जोरात आत ओढला जातो आणि ते उघडतं. म्हणजे तोंडात घास कोंबून माणसाला हसवणं म्हणजे शरीराला एकाच वेळी दोन उलटे हुकूम देणं. घास श्वासनलिकेत अडकला तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. आणि गुदमरणाऱ्या माणसाच्या तोंडून आवाज निघत नाही. तो हातवारे करतो, आणि लोकांना वाटतं, काय झकास अभिनय करतोय!

काही कारखान्यांत ‘मस्करी’ म्हणून सहकाऱ्याच्या शरीरात कॉम्प्रेसरची हवा सोडण्याचे प्रकार होतात. त्यात आतडं फाटून माणसं दगावल्याच्या बातम्या आपल्या देशात अनेकदा आल्या आहेत. ही मस्करी नाही, गुन्हा आहे.

“पण सिनेमात तर पडतात ना?”

पडतात. पण ते पडणं त्यांनी स्वतः निवडलेलं आणि शेकडो वेळा घोटलेलं असतं. तरीही किंमत मोजावी लागते. मूकपटांचा विनोदवीर हॅरॉल्ड लॉईड याने १९१९ मध्ये खोटा समजून हातात धरलेला बॉम्ब खरा निघाला. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. बस्टर कीटन तर लहानपणापासून आईवडिलांबरोबर रंगमंचावर आपटत वाढलेला. १९२४ च्या ‘शेरलॉक ज्युनियर’मध्ये पाण्याच्या टाकीखालचा प्रसंग करताना त्याच्या मानेचं हाड मोडलं, आणि ते कळलं कित्येक वर्षांनी, एक्स-रेमध्ये. ज्यांचा हा धंदाच होता, त्यांची ही गत. आपण तर दिवसाचे नऊ तास खुर्चीत बसणारी माणसं!

दुसरा आक्षेप मला जास्त खटकतो: “त्यालासुद्धा मजा आली, तोही हसत होता.” ऑफिसमध्ये सगळे बघत असताना, समोर साहेब बसलेले असताना, नव्याने लागलेला पोरगा हसणार नाही तर काय करणार? त्याच्या हसण्याला होकार समजू नका. होकार आधी विचारायचा असतो.

मग आयटम निवडायचा कसा?

निवडण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा.

१. ज्याच्यावर लोक हसणार आहेत, त्याला पूर्ण आयटम आधीपासून माहीत आहे का?
२. त्यात खरा दणका, खरा घास किंवा खरी उचलाउचल आहे का? असेल तर नको.
३. लंगडणं, तोतरं बोलणं, थरथरणारे हात, जाडेपणा यांची नक्कल आहे का? प्रेक्षकांत कुणाच्या तरी घरी तो आजार असतोच. हेही नको.

‘मग उरलं काय?’ असं विचाराल. भरपूर उरलं. अंगविक्षेपी विनोदात हसू मार लागल्यामुळे येत नाही, ते त्या माणसाच्या फजितीमुळे आणि चेहऱ्यामुळे येतं. हे चार आयटम बघा:

• स्लो मोशन कबड्डी: दोन संघ, सगळं अतिशय संथ. ‘कबड्डी’सुद्धा लांबलचक, खर्जातल्या आवाजात. बाजूला एक जण माइकवर मात्र भरधाव कॉमेंट्री करतो. कुणी कुणाला खरं ओढत नाही. संथ हालचालीत मांड्या भरून येतात, म्हणून तीन मिनिटांत आटपा.

• दुसऱ्याचे हात: पुढचा माणूस हात पाठीमागे घेऊन भाषण करतो. मागे लपलेला त्याच्या सदऱ्याच्या बाह्यांतून आपले हात पुढे काढतो. भाषण गंभीर, आणि हात मात्र नाक खाजवतात, कागद उलटे धरतात, टाय सोडतात. खाऊ घालणं, दाढी करणं, काजळ लावणं मात्र टाळा. मागच्याला काही दिसत नसतं.

• आरसा: रिकामी चौकट, अलीकडे एक, पलीकडे तसेच कपडे घातलेला दुसरा. मार्क्स बंधूंच्या १९३३ च्या ‘डक सूप’मधला हा प्रसंग आजही हसवतो. तालीम जास्त लागते, पण धोका जवळजवळ शून्य.

• लोकलमधली चौथी सीट: मुंबईकरांना समजावून सांगायला नको. तिघांचं बाकडं, चौथ्याची धडपड, आणि मग पाचवा येतो. एकही शब्द न बोलता करून बघा.

यातसुद्धा पडायचंच असेल तर पडण्याचं सोंग करा. हळूहळू खाली या, कुशीवर टेका, जाड गादी वापरा आणि तालमीत जमलं तरच स्टेजवर करा.

तालमीआधी एवढं पाहा

पाच-दहा मिनिटं अंग मोकळं करा. एरवी न हलणारा माणूस एकदम उडी मारतो आणि टाचेमागची जाड शीर तुटते. पेशंट हमखास सांगतो, “मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं,” आणि मागे कुणीच नसतं. फरशी कोरडी हवी, पायांत घट्ट बूट हवेत. पार्टीत दारू असेल तर आयटम आधी, ग्लास नंतर. गरोदर महिला, हृदयरोगी, मणक्याचा त्रास असलेले यांना आग्रह करू नका. ‘नको’ म्हणणाऱ्याला कारण विचारू नका.

तरीही काही झालंच तर

पडलेल्याला लगेच काखेत धरून उभं करू नका. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर हलवू नका, १०८ ला फोन करा. डोक्याला मार लागल्यावर उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा बोलण्यात असंबद्धपणा दिसला तर तडक हॉस्पिटल गाठा. ‘झोपला की बरं वाटेल’ म्हणू नका. घास अडकून माणसाला बोलता किंवा खोकता येत नसेल तर त्याला पुढे वाकवून पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, पाच जोरदार थापा मारा. घास निघाला नाही तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर मुठीने आत आणि वर असे पाच दाब द्या. घास निघेपर्यंत आळीपाळीने करत राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. तो बेशुद्ध पडला तर लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करा.

हसा, भरपूर हसा. पण त्या कमिटीत तुम्ही असाल, तर या वर्षी खुर्ची ओढण्याचा आणि गुलाबजाम कोंबण्याचा आयटम तुम्हीच नाकारा. ‘बोअर आहेस’ असं कुणी म्हटलं तरी चालेल.

त्या बाई आता बऱ्या आहेत. पण अजूनही कुठेही बसण्याआधी मागे हात नेऊन खुर्ची चाचपतात. माझ्या दवाखान्यातसुद्धा.