थकलेल्याची पत आणि परतीची वाट

एकदा सिबिल बिघडलं की बँकेचं दार कायमचं बंद, हा समज हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या मोंढ्यापासून खेड्यातल्या सोसायटीच्या ओट्यापर्यंत पक्का झाला आहे. थकबाकीदार तो मानतो, त्याचा जामीनदार मानतो, आणि कर्जाचा अर्ज हातात घेणारा अधिकारीही पुष्कळदा मानतो. ज्याने थकबाकी फेडली तोही मग पुन्हा अर्ज करत नाही, आणि ज्याची फेडायची राहिली त्याला फेडण्यात काही अर्थ वाटत नाही. दोघेही शेवटी सावकाराच्या ओसरीवर पोचतात. म्हणून हा समज मुळातून खोडून काढायला हवा. माझं म्हणणं साधं आहे: गेलेली पत परत मिळवता येते, ती मिळवण्याची वाट कर्जदाराने चालायची असते आणि बँकेने व सरकारने मोकळी ठेवायची असते.

या म्हणण्याविरुद्धचा पहिला आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून आधी त्याचाच विचार करू. आक्षेप असा, की बँकेतला पैसा बँकेचा नसतो. तो याच गावातल्या निवृत्त शिक्षकाची ठेव असतो, बचतगटातल्या बायकांची शिल्लक असते. ज्याने तो परत केला नाही, त्याला पुन्हा का द्यावा? यातला ठेवीदाराचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पण ‘परत केला नाही’ आणि ‘वेळेवर परत करता आला नाही’ या दोन वेगळ्या गोष्टींची इथे गल्लत होते.

हळदीचं वर्ष पाहा. मे-जूनमध्ये लागवड होते, काढणीला जानेवारी उजाडतो, मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश करणं. माल मोंढ्यात यायला मार्च-एप्रिल होतो. खरिपाच्या पीककर्जावर व्याजाची सवलत हवी असेल, तर परतफेड ३१ मार्चच्या आत व्हावी लागते. शेतकऱ्याने मग पडत्या भावात हळद विकावी, की हातउसने करून कर्जाचं नवं-जुनं करावं? त्यात १ आणि २ सप्टेंबर २०२४ सारखा पाऊस येतो आणि हिंगोली जिल्ह्यातली उभी पिकं पाण्याखाली जातात. अशा वर्षी थकलेल्या माणसाला बुडव्या म्हणणं हा अन्याय आहे.

हा फरक रिझर्व्ह बँकेचे नियमही ओळखतात. इतर बहुतेक कर्जं ९० दिवस थकली की अनुत्पादक ठरतात; अल्प मुदतीच्या पिकांसाठीचं कर्ज दोन हंगाम थकल्यावर तसं ठरतं. नैसर्गिक आपत्तीत पीककर्जाचं पुनर्गठन करता येतं आणि पत अहवालात ‘नैसर्गिक आपत्तीमुळे पुनर्गठन’ अशी वेगळी नोंद करण्याची सोय आहे. ऐपत असून पैसे न देणाऱ्या मोठ्या कर्जदारांसाठी तर ‘विलफुल डिफॉल्टर’ असा स्वतंत्र वर्गच आहे, आणि तो २५ लाख रुपयांपासून पुढे लागू होतो. दोन-तीन लाखांच्या पीककर्जदाराला त्यांच्या रांगेत मनातल्या मनात उभं करण्याचा अधिकार कोणत्याही शाखेला नाही.

आता सिबिलच्या आकड्याचं बोलू. तो ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. २००५ च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याखाली चार कंपन्या तो काढतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. हप्ते वेळेवर गेले का, कर्ज किती उरलं आहे, अलीकडे किती ठिकाणी अर्ज केले, हे तो आकडा सांगतो. विहीर कधी आटली, घरातलं माणूस किती महिने दवाखान्यात होतं, हे तो सांगत नाही. ते अर्जदाराला विचारावं लागतं, आणि ते विचारण्यासाठीच शाखेत अधिकारी बसलेला असतो. कर्जासाठी किमान अमुक गुण हवेतच, असं रिझर्व्ह बँकेने ठरवलेलं नाही. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ जुना इतिहास नाही म्हणून फेटाळता येणार नाही, हे अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत स्पष्ट केलं आहे.

दुसरा पक्ष याच्या अगदी उलट टोकाचा. तो म्हणतो, ही सिबिलची भानगड मोडीतच काढा. पीककर्जापुरती ही मागणी मला रास्त वाटते. हंगामाच्या तोंडावर बियाणं-खतासाठी दिलेल्या कर्जाला गुणांची अट घालणं म्हणजे पेरणी अडवणं. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका, असं बँकांना बजावलं, ते योग्यच झालं. पण परतफेडीची नोंदच नको, ही मागणी गरिबाच्या मुळावर येणारी आहे. नोंद नव्हती तेव्हा पत कशावर ठरत होती? जमिनीवर, आडनावावर, संचालकाच्या ओळखीवर. ज्याच्या नावे सातबारा नाही, त्या बटईदाराकडे आणि बचतगटाचे हप्ते नेमाने भरणाऱ्या बाईकडे दाखवायला दुसरं काय आहे? तिने फेडलेला प्रत्येक हप्ता हीच तिची जमीनजायदाद. ती पुसून टाकू नका.

तिसरा पक्ष माफीची वाट पाहणाऱ्यांचा. माफीला माझा विरोध नाही. अस्मानी आणि पडलेले भाव यांत सापडलेल्याला हात देणं हे सरकारचं कामच आहे. पण माफी म्हणजे पत परत आली, हे खरं नाही. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत मर्यादा दीड लाखाची होती. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले योजनेत दोन लाखांची, तीही ३० सप्टेंबर २०१९ ला थकीत असलेल्या रकमेला. त्या रेषेच्या वर गेलेला माणूस तिथेच अडकून राहिला. त्याने वाट पाहण्यात घालवलेल्या दर वर्षाचं व्याज चढत गेलं आणि अहवालातली थकबाकी लांबत गेली.

तुकोबांचा दाखला या वादात नेहमी दिला जातो: त्यांनी कर्जाची खतं इंद्रायणीत सोडली, मग बँकांना काय अडचण? परंपरा पुढचंही सांगते. तुकोबांनी स्वतःच्या वाट्याची खतं बुडवली आणि भावाच्या वाट्याची भावाच्या हातात दिली. ज्याला सोडायचं आहे त्याने आपलं सोडावं, हा त्या कृतीचा धडा आहे. सरकारने माफी दिली तर बँकेचे पैसे वेळेवर आणि पूर्ण भरावेत, म्हणजे कर्जदाराचं खातं अर्धवट लोंबकळत राहणार नाही.

एकरकमी परतफेडीबद्दलही असाच गैरसमज आहे. तडजोडीत बँक काही रक्कम सोडते तेव्हा अहवालात ‘सेटल्ड’ अशी नोंद होते, ‘क्लोज्ड’ अशी होत नाही. पुढच्या बँकेला त्यातून एवढंच कळतं की पूर्ण पैसे आले नव्हते. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीप्रमाणे तडजोडीनंतर त्या बँकेला किमान १२ महिने नवं कर्ज देता येत नाही. शेतीकर्जासाठी हा काळ बँकेचं संचालक मंडळ ठरवतं. म्हणून तडजोडीच्या कागदावर सही करण्याआधी दोन प्रश्न विचारा: नोंद काय होणार, आणि नवं कर्ज कधीपासून मिळणार? उरलेली रक्कम पुढे भरायची ताकद आली तर ती भरून खातं पूर्ण बंद झाल्याची नोंद करून घ्यावी.

चौथा पक्ष सगळ्यात घातक. ‘इतके पैसे द्या, महिन्यात सिबिल वाढवून देतो’ असं सांगत फिरणाऱ्यांचा. खरी नोंद पैसे देऊन पुसता येत नाही. खोटी नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. मग हा माणूस नेमकं काय विकतो?

आता मंडन. परतीची वाट सुरू होते स्वतःचा अहवाल स्वतः पाहण्यापासून. चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. हा नियम २०१७ पासून आहे. तो घेऊन एकेक खातं तपासा. कर्ज फेडल्यावर सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप उतरत नाही, बँकेचा बेबाकी दाखला घेऊन तलाठ्याकडे जावं लागतं. इथेही तसंच समजा. दाखला जपून ठेवा, आणि फेडलेलं खातं अजून थकीत दिसत असेल तर बँकेकडे व पतमाहिती कंपनीकडे लेखी तक्रार करा. बँकेला सुधारित माहिती पाठवायला २१ दिवस, आणि सगळा निकाल लागायला ३० दिवस. त्यापुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. जामीनदारानेही आपला अहवाल पाहावा; दुसऱ्याची थकबाकी त्याच्या नावाला चिकटलेली असते.

त्यानंतरचं काम संथ आहे. लहान कर्ज घ्यावं, झेपेल एवढंच घ्यावं, आणि तारीख चुकू देऊ नये. ठेवीच्या तारणावरचं कार्ड, थोडं सोनंतारण, गटातलं कर्ज, यांतून नवी नोंद तयार होते. एकाच महिन्यात पाच ठिकाणी अर्ज टाकू नयेत. जानेवारी २०२५ पासून बँकांना दर पंधरवड्याला माहिती कळवावी लागते, त्यामुळे भरलेला हप्ता अहवालात लवकर दिसतो. जुनी वाईट नोंद वर्षानुवर्षं राहते हे खरं, पण तिच्यावर नव्या चांगल्या नोंदींचे थर चढत जातात.

एवढं कर्जदाराने करावं. पण त्याने सगळं केलं आणि समोरून तोंडी ‘नाही’ आलं, तर सारं फुकट. कर्ज कितीही रकमेचं असो, ते नाकारताना मुख्य कारण लेखी कळवावं, असं रिझर्व्ह बँकेची न्याय्य व्यवहार संहिता सांगते. वसमतमधल्या प्रत्येक अर्जदाराने ते लेखी मागावं, आणि प्रत्येक शाखेने न मागता द्यावं. कारण कागदावर आलं की चूक दुरुस्त करता येते आणि मनमानीला आळा बसतो.

सरकारचं कर्तव्य याहून मोठं आहे. १८७५ मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा झाला, आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने कर्जापायी शेतकऱ्याला होणारी अटक थांबवली. वसमत तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, त्या कायद्याबाहेर. आज देशाला २०१६ ची दिवाळखोरी संहिता आहे. ती बुडालेल्या कंपनीला कर्जफेडीचा आराखडा करून पुन्हा उभं राहण्याची संधी देते. वर्षाला ६० हजारांपर्यंत उत्पन्न आणि ३५ हजारांपर्यंत कर्ज असलेल्या अगदी गरीब माणसासाठीही त्याच संहितेत ‘नवी सुरुवात’ नावाचं प्रकरण लिहिलेलं आहे. ते अजून लागूच झालेलं नाही. तो माणूस अजून १९२० च्या प्रांतिक दिवाळखोरी कायद्याच्या आधाराने जिल्हा न्यायालयाच्या पायऱ्या चढणार. कंपनीला दुसरी संधी मिळणं योग्य असेल, तर हळद पिकवणाऱ्याला ती नाकारण्याला कोणतंही समर्थन नाही. हे प्रकरण लागू करा, त्यातल्या रकमा आजच्या महागाईप्रमाणे वाढवा, आणि ज्याने आपलं देणं चुकतं केलं त्याला पुन्हा कर्ज मागण्याचा हक्क आहे, हे प्रत्येक शाखेला मान्य करायला लावा.